आल्यागेल्याची वर्दी: इंटरनेटवर ‘आहे’ म्हणण्याचा इतिहास

ट्रंक कॉलच्या काळात परगावी फोन लावायचा तर दोन पर्याय असत: नुसता नंबर मागायचा किंवा ‘पी.पी.’ कॉल मागायचा. पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ज्याच्याशी बोलायचे त्याचे नाव आधी सांगायचे, तो माणूस पलीकडे आहे का याची चौकशी ऑपरेटर करणार आणि तो फोनपाशी आला तरच बोलणे जोडून देणार. परगावचा कॉल महाग होता आणि ‘ते बाहेर गेलेत’ एवढे ऐकण्यासाठी पैसे घालवणे कोणालाच परवडत नसे. अमेरिकेतही ही सोय होती. तिथे माणूस सापडला नाही तर आकारणी होत नसे, म्हणून कित्येक कुटुंबांनी तिचा आणखी एक उपयोग शोधला: आधी ठरवलेले खोटे नाव घेऊन घरी फोन करायचा, घरच्यांनी ‘ते इथे नाहीत’ म्हणायचे आणि सुखरूप पोहोचल्याचा निरोप फुकटात मिळायचा. आपल्याकडे मोबाइल आल्यावर हेच काम मिस्ड कॉलने केले. माणूस आहे का, कुठे आहे, बोलायला मोकळा आहे का, ही बोलण्याआधीची माहिती बोलण्याइतकीच मोलाची असते, हे लोकांना संगणकाच्या कितीतरी आधी कळले होते. इंटरनेटवरील संवादाचा इतिहास सहसा ईमेल, चॅट, व्हिडिओ असा निरोपांच्या प्रकारांतून सांगितला जातो. तो या वर्दीचा इतिहास म्हणून वाचला, तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ही माहिती संवाद सुधारते खरी, पण ती द्यायची की नाही हे ज्याची माहिती आहे त्याच्या हातात असते तोवरच. ही सोय पहिल्यांदा बांधणाऱ्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. पुढे हे नियंत्रण हातातून सुटले, आणि त्याचे खापर तंत्रज्ञानाच्या अडचणींवर फोडता येणार नाही.

जुना फोन जागेला बांधलेला होता. नंबर फिरवला की घंटा अमुक घरात वाजणार हे नक्की, पण ती कोण उचलेल हे नक्की नसे. संगणकाने हे उलटे केले. एकाच मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनल जोडून पुष्कळ जणांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६० च्या दशकात रुळली, तेव्हा यंत्राला कोण आत आहे हे नावानिशी माहीत असे. तो माणूस इमारतीत कुठे बसला आहे हे मात्र शोधावे लागे. १९७१ च्या युनिक्समध्ये ‘हू’ नावाची आज्ञा होती. ती दिली की आत्ता कोण कोण काम करत आहे त्यांची यादी पडद्यावर येई. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ हा प्रोग्राम लिहिला. तिथल्या यादीत सांकेतिक नावे आणि टर्मिनलचे क्रमांक असत. हा कोण आणि कुठल्या खोलीत, हे ओळखण्यासाठी लोक पडद्यावर बोट फिरवत खाली उतरताना अर्नेस्ट यांना दिसत. फिंगरने खरे नाव दिले, टर्मिनलची जागा दिली आणि त्या माणसाने शेवटची कळ दाबून किती मिनिटे झाली तेही सांगितले. जो आत नसेल तो शेवटचा कधी येऊन गेला, हेही अशा प्रोग्रामांतून कळू लागले. म्हणजे आज ज्या ‘लास्ट सीन’वरून घराघरांत रुसवेफुगवे होतात, त्याचे मूळ पन्नास वर्षांमागचे आहे, आणि उपस्थिती व ठिकाण या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून जोडीनेच आल्या.

फिंगरचा एक भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. यंत्र आपणहून सांगत होते त्यात माणसाला स्वतःचे शब्द घालण्याची जागा अर्नेस्ट यांनी ठेवली. ‘प्लॅन’ नावाची एक फाइल प्रत्येकाला लिहिता येई: सुट्टीवर आहे, अमुक तारखेला परतेन, रात्री उशिरा हवा असेन तर या ठिकाणी सापडेन. फिंगर केले की ती फाइल विचारणाऱ्याला दिसे. यंत्राने मोजलेली मिनिटे आणि माणसाने लिहिलेला खुलासा एकाच पडद्यावर शेजारी शेजारी असत. नुसती मिनिटे पाहिली तर ‘हा तासभर जागेवर नाही’ एवढेच कळते. खुलाशामुळे त्या तासाला अर्थ मिळतो. डिसेंबर १९७७ मध्ये केन हॅरेनस्टीन यांनी लिहिलेल्या आरएफसी ७४२ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे जाळ्याचे तांत्रिक नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) फिंगरला इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर रीतसर स्थान दिले आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाची चौकशी करता येऊ लागली. इथेच अडचण सुरू झाली. चार खोल्यांच्या प्रयोगशाळेत विचारणारा कोण हे सगळ्यांना माहीत असते. जाळे देशभर पसरल्यावर विचारणारा अनोळखी झाला, आणि फिंगरमध्ये विचारणाऱ्याचे नाव पाहण्याची सोयच नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला वर्म, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपणहून पसरणारा प्रोग्राम, ज्या वाटांनी यंत्रांत शिरला त्यांतली एक फिंगरच्या सर्व्हरमधली त्रुटी होती. त्यानंतर अनेक संस्थांनी फिंगर बंद केले. कारण सुरक्षेचे सांगितले गेले. पण आपल्या माणसांच्या येण्याजाण्याची माहिती कोणाही परक्याला का द्यायची, हा प्रश्न त्यामागे होताच.

त्या प्रश्नाचे उत्तर त्याच सुमारास एमआयटीमध्ये तयार होत होते. तिथल्या अथेना प्रकल्पात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘झेफर’ ही तत्काळ सूचना पोहोचवणारी व्यवस्था बांधली गेली. विद्यार्थी कोणत्याही वर्कस्टेशनवर बसो, निरोप त्याच यंत्रावर उमटायचा. म्हणजे तो कुठे बसला आहे हे व्यवस्थेला कळणे भागच होते. पण ते इतर कोणाला कळावे हे ठरवण्यासाठी झेफरने सहा पायऱ्या दिल्या. अगदी खालच्या पायरीवर आपली नोंदच होणार नाही. त्यावर, नोंद होईल पण यंत्रणा चालवणाऱ्यांनाच दिसेल. त्यापुढे, संस्थेतल्या कोणी विचारले तर सांगितले जाईल. त्यापुढे, संस्थेत ज्यांनी आपल्या येण्याजाण्याची खबर मागून ठेवली आहे त्यांना न विचारताही कळवले जाईल. आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर हेच दोन पर्याय बाहेरच्या जगासाठी. विचारल्यावर सांगणे आणि आपणहून कळवत राहणे यांतला फरक ज्यांनी ओळखला, त्यांना माणसांच्या संबंधांची चांगली समज होती असेच म्हणावे लागते. शेजाऱ्याने ‘आलात का?’ म्हणून विचारणे आणि आपण दार उघडताच साऱ्या आळीत घंटा वाजणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या बहुतेक ॲपमध्ये इतक्या बारकाईच्या पायऱ्या सापडत नाहीत.

ठिकाणाच्या माहितीने संवाद सुधारतो याचा पहिला ठोस पुरावा इंग्लंडमधल्या केंब्रिजमधून आला. तिथल्या ऑलिव्हेट्टी रिसर्च लॅबोरेटरीत रॉय वॉन्ट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲक्टिव्ह बॅज’ तयार केला. त्यावरचा त्यांचा लेख जानेवारी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. छातीवर लावायचा हा छोटा बिल्ला दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांचा एक संकेत सोडे आणि खोल्यांमध्ये बसवलेले संवेदक तो टिपत. हेतू सरळ होता. बाहेरून फोन आला की टेलिफोन ऑपरेटरने पडद्यावर पाहायचे आणि तो माणूस ज्या खोलीत असेल तिथल्या फोनवर कॉल जोडायचा. पडद्यावर नाव, जवळचा फोन, जागा आणि तो तिथे असण्याची शक्यता टक्क्यांत दिसे. माणूस फिरता असेल तर टक्केवारी उतरे. ही टक्केवारी म्हणजे यंत्राचा प्रामाणिकपणा आहे, कारण आपल्याला पक्के माहीत नाही हे ते सांगत होते. बिल्ला काढून टेबलावर ठेवला की विषय संपला, आणि खिशात किंवा खणात टाकला तर किरण बाहेर पडत नसत. शिवाय बिल्ले लावणारे आणि पडद्यावर पाहणारे बहुतांशी तेच लोक होते. फोन नुसता जवळच्या यंत्रावर येणे पुरत नाही, आपण कोणासोबत आहोत आणि काय चालू आहे यावरून तो यावा की नाही ठरले पाहिजे, ही गरजही वापरातूनच पुढे आली. माहिती जितकी अचूक होत जाते, तितकी ती अडवण्याची गरजही वाढते, हे तिथल्या संशोधकांना काम करताकरताच कळले.

मग हे सारे घराघरांत पोहोचले. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलच्या मिराबिलिस या छोट्या कंपनीने ‘आयसीक्यू’ काढले. १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइनने (एओएल) आपला मेसेंजर सर्वांना खुला केला. याहू १९९८ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट १९९९ मध्ये आले. भारतात विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि दशक संपेपर्यंत पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत याहू मेसेंजरची खिडकी ओळखीची झाली होती. मुलगा न्यू जर्सीत, आईवडील कोथरूडमध्ये, मध्ये साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर. अशा घरांना निरोप पाठवण्याचे साधन ईमेलने आधीच दिले होते. मेसेंजरने दिली ती नावापुढची खूण: तो आत्ता जागा आहे, संगणकापाशी आहे, लिहिले तर लगेच उत्तर येईल. अशा खुणा दाखवणाऱ्या नावांच्या यादीचे मोल कंपन्यांनीही ओळखले. १९९८ मध्ये अमेरिका ऑनलाइनने मिराबिलिससाठी २८ कोटी ७० लाख डॉलर मोजले. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने एओएल आणि टाइम वॉर्नरच्या विलीनीकरणाला परवानगी देताना मेसेंजरवर अट घातली, आणि त्या निर्णयात आयोगाचे बोट नेमके एका गोष्टीवर होते: लोकांची नावे आणि त्यांची उपस्थिती सांगणारी ती निर्देशिका. इतर मेसेंजरशी जोडणी होईपर्यंत प्रगत व्हिडिओ सेवा देऊ नये, असे आयोगाने बजावले. ही अट २००३ मध्ये उठवली गेली. माझ्या मते या इतिहासाचे वळण इथे आहे. कोण आहे आणि कोण नाही ही माहिती तोवर त्या त्या माणसाची होती. आता ती कंपनीची मालमत्ता ठरली आणि तिच्यावरून बाजारपेठ ताब्यात ठेवता येते हे सरकारी कागदावर आले.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. माहिती देणे-न देणे माणसाच्या हाती ठेवले तर तो खोटे सांगेल, घरी बसून ‘बाहेर’ दाखवेल, आणि अशा वर्दीवर विसंबायचे कसे? यंत्राने मोजलेले सत्य बरे नाही का? या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. बॉनी नार्डी, स्टीव्ह व्हिटेकर आणि एरिन ब्रॅडनर यांनी कामाच्या ठिकाणी मेसेंजर कसा वापरला जातो हे पाहून २००० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोक यादीकडे नुसती नजर टाकूनही सहकाऱ्यांशी जोडलेले राहतात, हे त्यांना दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खूण जरा अंधुक असते हाच तिचा गुण ठरत होता. खूण हिरवी असली तरी माणूस जागेवरून उठला असेल, फोनवर असेल. म्हणून उत्तर आले नाही तर कोणाचाच अपमान होत नसे. विचारणाऱ्याला निःसंकोच विचारता येई आणि दुसऱ्याला न दुखावता टाळता येई. इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्यांनी तर याला नियमातच जागा दिली: डिसेंबर २००७ च्या आरएफसी ५०२५ मध्ये ‘पोलाइट ब्लॉकिंग’ आहे, म्हणजे एखाद्याला आपली उपस्थिती दाखवायची नसेल तर त्याला नकार कळू न देता आपण उपलब्ध नाही असेच दाखवायचे. ‘साहेब घरात नाहीत’ हे वाक्य दारावर आलेला आणि दार उघडणारा दोघेही समजून घेतात, त्याला आपण फसवणूक म्हणत नाही. निरोप वाचल्याचे सांगणाऱ्या व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकांनी आणि मिनिटाबरहुकूम ‘लास्ट सीन’ने ही सवलत काढून घेतली, आणि मग ‘पाहून उत्तर दिले नाही’ हा नवा अपराध जन्माला आला. माहिती अचूक झाली, संवाद मात्र तितका बिघडला.

मानकांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण दुसरा रस्ता होता याचा पुरावा तिथे आहे. फेब्रुवारी २००० च्या आरएफसी २७७८ मध्ये मार्क डे, जोनाथन रोझेनबर्ग आणि हिरोयासू सुगानो यांनी उपस्थितीच्या माहितीचा आराखडा मांडला. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या ‘जॅबर’ या मेसेंजर-व्यवस्थेत तुमची खूण पाहण्यासाठी आधी तुमची परवानगी मागावी लागे, आणि परवानगी दोन्ही बाजूंनी वेगवेगळी असे, मी तुला दिसतो म्हणून तू मला दिसशीलच असे नाही. २००६ च्या आरएफसी ४४८० मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन आणि इतरांनी जेवतो आहे, गाडी चालवतो आहे, बैठकीत आहे, अशा अवस्था नेमक्या लिहिण्याची भाषा दिली, म्हणजे कॉल करावा की निरोप ठेवावा हे आधीच कळेल. ठिकाणाच्या माहितीसाठी ‘जिओप्रिव्ह’ नावाचा वेगळा कार्यगट होता. डिसेंबर २००५ च्या आरएफसी ४११९ मध्ये जॉन पीटरसन यांनी ठिकाणासोबत दोन अटी बांधून पाठवण्याची सोय केली: ही माहिती पुढे कोणाला द्यायची की नाही आणि किती काळानंतर ती पुसून टाकायची. वेब ब्राउझरना ठिकाण विचारण्याची पद्धत डब्ल्यू३सी ही संस्था ठरवू लागली, तेव्हा जिओप्रिव्हच्या मंडळींनी या अटी तिथेही असाव्यात असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. ‘हे संकेतस्थळ तुमचे ठिकाण विचारत आहे, द्यायचे का?’ एवढा एकच प्रश्न उरला. सोबत अट पाठवली म्हणून समोरचा ती पाळेलच असे नाही, हा विरुद्ध बाजूचा युक्तिवाद होता आणि तो चुकीचा नव्हता. पण कराराचा कागदही कोणाला भौतिकरीत्या अडवत नाही. मोडणाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही, हे त्याचे काम, आणि जिओप्रिव्हला नेमके तेच हवे होते.

व्हॉट्सॲपचा जन्म याच कहाणीत बसतो. २००९ मध्ये यान कूम यांनी ते सुरू केले ते निरोपांसाठी नव्हते. फोनमधल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाने स्वतः लिहिलेली अवस्था दिसावी, बॅटरी संपत आली आहे, आत्ता बोलता येणार नाही, अशी, इतकीच कल्पना होती. म्हणजे अर्नेस्ट यांच्या ‘प्लॅन’चीच नवी आवृत्ती. त्या वर्षी ॲपलने आयफोनवर सूचना पाठवण्याची सोय खुली केली, अवस्था बदलली की मित्रांच्या फोनवर ती उमटू लागली, लोक तिला उत्तरे देऊ लागले आणि त्यातून निरोपांचे ॲप घडले. भारतातल्या कोट्यवधी लोकांचे रोजचे बोलणे आज ज्याच्यावरून चालते ते ॲप माणसाच्या स्वतःच्या शब्दांतल्या वर्दीतून उगवले. पुढे यंत्राने मोजलेली उपस्थिती त्यात आली. निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या. लोकांनी हरकती घेतल्या तशा लपवण्याच्या सोयी एकेक करून मिळाल्या, पण ‘ऑनलाइन’ ही खूण लपवता येण्यासाठी २०२२ उजाडावे लागले. झेफरने पहिल्याच पायरीवर जे दिले होते ते मिळायला इतकी वर्षे लागली. या ॲपच्या दोन गोष्टी मात्र मनापासून वाखाणण्यासारख्या आहेत. आपले ‘लास्ट सीन’ लपवले की दुसऱ्याचेही दिसत नाही, हा न्याय आहे. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेले लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशा मुदतीनेच देता येते. रात्री रिक्षाने घरी निघालेली मुलगी आईला तासाभरासाठी आपली वाट दाखवते आणि तास संपला की ती वाट आपोआप मिटते. आरएफसी ४११९ ला यापेक्षा वेगळे काय हवे होते?

दुसरा आक्षेप अडचणीच्या वेळेचा. अपघात झालेला माणूस ठिकाण सांगायला शुद्धीवर असेलच असे नाही. तिथे परवानगी विचारत बसायचे का? अमेरिकेत ९११ हा क्रमांक १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल इथे सुरू झाला, तेव्हा फोन जागेला बांधलेला होता आणि पत्ता नंबरावरून काढता येई. इंटरनेटवरून फोन होऊ लागले तसे ते नाते तुटले, म्हणून २००५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाला इंटरनेट फोन कंपन्यांवर ग्राहकाचा पत्ता आणीबाणीच्या केंद्राला कळवण्याची सक्ती करावी लागली. मोबाइलच्या बाबतीत टॉवरवरून कळणारा परिसर काही किलोमीटरचाही असू शकतो. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सुरू झालेल्या ॲडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन या पद्धतीत आणीबाणीचा क्रमांक लावताच फोन स्वतःचे नेमके ठिकाण केंद्राला पाठवतो. आक्षेप रास्त आहे, पण या व्यवस्थेकडे नीट पाहिले तर ती माझ्याच बाजूने बोलते. मदत मागणारा स्वतः फोन लावतो किंवा त्याच्यासाठी जवळचा कोणी लावतो. माहिती त्या एका कॉलपुरती, त्या एका केंद्राला, त्या एका कामासाठी जाते. जीव वाचवण्याकरिता प्रत्येकाचे ठिकाण चोवीस तास साठवून ठेवावे लागत नाही, हे तिने सिद्ध करून दाखवले आहे.

उरतो तो सर्वांत ताजा प्रश्न: मालकाने कामगाराच्या ठिकाणाची नोंद ठेवण्याचा. अलीकडच्या वर्षांत नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या हातावर जीपीएस घड्याळे बांधली आणि नेमून दिलेल्या भागात ते आहेत का याची नोंद त्यावरून होऊ लागली. देशातल्या इतर काही शहरांतही हे झाले. गैरहजर राहून पगार घेणाऱ्यांना आळा बसावा, हा हेतू चुकीचा नाही आणि नागरिकांना रस्ता झाडलेला हवाच. पण केंब्रिजचा बिल्ला आणि नागपूरचे घड्याळ शेजारी ठेवून पाहा. तिथे बिल्ला लावणाऱ्याला पडद्यावर इतरही दिसत, बिल्ला काढून ठेवता येई आणि फोन त्याच्याचसाठी जोडला जाई. इथे झाडू मारणाऱ्या बाईला तिचा मुकादम, निरीक्षक किंवा अधिकारी कुठे आहे हे घड्याळ सांगत नाही आणि घड्याळ काढण्याची तिला मुभा नाही. तंत्र तेच आहे, संवाद मात्र त्यातून पूर्ण नाहीसा झाला आहे. महापालिकांना आणि अशी ॲप कामगारांना घ्यायला लावणाऱ्या प्रत्येक मालकाला माझी मागणी साधी आहे: नोंद कामाच्या वेळेपुरती ठेवा, ती कधी पुसली जाणार हे लेखी द्या, ती कोणी पाहिली हे कामगाराला दिसू द्या आणि पाळी संपली की बंद करण्याचे बटण त्याच्या हातात असू द्या. हे चारही करता येते. यातले बहुतेक १९८८ च्या आसपास एमआयटीत आणि २००५ मध्ये आरएफसी ४११९ मध्ये लिहूनच ठेवलेले आहे.